दिवा दाखवील तेवढाच वेग

(गंधवानी येथे भरलेल्या समाजबांधवांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. धार, देवास आणि आसपासच्या वाचकांसाठी येथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेत आमच्या नावापुढे 'रात्रीचा प्रवास आणि मोटारसायकलचा दिवा' असे छापले आहे. काहींना वाटले असेल की समाजाच्या मेळाव्यात हा कसला विषय? मुलांचे मराठी, मंगल कार्यालयाचे बांधकाम, स्थळांची यादी हे सोडून मिस्त्रीच्या दुकानातले बोलणे इथे कशाला? आमचे म्हणणे एवढेच की या मांडवाबाहेर ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांत मोटारसायकलीच जास्त आहेत, आणि जेवणे आटोपून मंडळी निघतील तेव्हा अंधार पडलेला असेल. कोणी मनावरकडे जाईल, कोणी बागेकडे, कोणी जीराबादवरून धारच्या दिशेने. तेव्हा विषय प्रत्येकाच्या घरापर्यंत पोचलेला आहे.

शिवाय हा विषय राजकारणाचाही आहे. आपल्या पत्रिकेत राजकारण म्हटले की तिकीट कोणाला मिळाले यावरच चर्चा होते. रस्त्यावरचा अंधार कोणाचा, याचे उत्तर मागणे हेही राजकारणच आहे.

आधी थोडे मागचे आठवू. आपल्या मध्य प्रदेशात २००३ सालची विधानसभा निवडणूक 'बिजली, सडक, पानी' या तीन शब्दांवर गाजली आणि सरकार बदलले. त्या काळी या भागातले रस्ते कसे होते हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. खड्डे चुकवत जाणारी मोटारसायकल तीसच्या वर जातच नसे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून पुढे बऱ्याच फलियांपर्यंत डांबर पोचले, मोठे रस्तेही रुंद आणि गुळगुळीत झाले. त्याबद्दल ज्याचे श्रेय त्याला द्यावे. पण यातून एक गोष्ट घडली तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. जिथे तीसने जात होतो तिथे आता साठने जातो. वेग दुप्पट झाला. डोळे मात्र तेच, आणि बहुतेक घरांतल्या गाडीचा दिवाही तोच किंवा त्याहून अधू. रस्ता आला, वेग आला, उजेड मागे राहिला.

आम्ही कॉमर्सवाले, बँकेत आकडे जुळवण्यात आयुष्य चालले आहे. म्हणून हा हिशेबही आकड्यांतच मांडतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही आहे हे दिसले, ते काय आहे हे मनाला कळले आणि हातपाय ब्रेकवर गेले, यात सहज दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर ब्रेक चांगले असतील आणि डांबर कोरडे असेल तर थांबायला आणखी २८ मीटर लागतात. एकूण ५३ मीटर झाले. हाच हिशेब ताशी ४० ला केला तर २९ मीटर, आणि ताशी ८० ला केला तर ८३ मीटर. वेग ४० चा ८० झाला, दुप्पट. थांबायचे अंतर मात्र जवळजवळ तिप्पट झाले.

आता दुसरी बाजू पाहू. साध्या मोटारसायकलच्या डिपरमध्ये गडद कपडे घातलेला माणूस बहुधा तीस मीटरच्या आसपास आल्यावरच नजरेत भरतो. म्हणजे साठच्या वेगाने डिपरवर जाणाऱ्याने तो माणूस पाहिला तरी त्याला थांबता येत नाही. जमा तीस आणि खर्च त्रेपन्न. असे खाते कोणत्याही बँकेत चालत नाही, रस्त्यावर मात्र आपण ते रोज चालवतो, आणि समोर कोणी आले नाही म्हणून चालून जाते.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची माणसे शेकडा ४४ हून जास्त. अपघातांच्या संख्येत तमिळनाडूच्या खालोखाल आपले मध्य प्रदेश दुसरे होते, ५४ हजारांहून अधिक अपघात आणि १३ हजारांहून अधिक मृत्यू. दिवसाच्या तीन-तीन तासांच्या वाटण्या केल्या तर संध्याकाळी ६ ते ९ या वेळात सर्वांत जास्त अपघात होतात. बाजार, शाळा, नोकरी, शेत सगळे आटोपून माणूस घराकडे निघतो तीच ही वेळ.

हे आकडे आम्हाला कागदावरचे वाटत नाहीत, कारण त्यांतली काही नावे आमच्या खिडकीशी येतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख मिळतात. पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो, पोलिसांचा कागद लागतो, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. विशी-पंचविशीतली बाई कडेवर मूल घेऊन हे कागद घेऊन उभी राहते आणि अंगठा कुठे लावायचा हे विचारते, तेव्हा त्या २० रुपयांच्या विम्यापेक्षा दिव्याचा बल्ब वेळेवर बदलला असता तर बरे, असे खिडकीच्या आतल्या माणसाला वाटल्यावाचून राहत नाही.

आता कोणी म्हणेल, यावर उपाय सोपा आहे, जोरदार दिवा बसवा. आपल्या तरुण मंडळींनी तशी सूचनाही केली आहे की समाजाच्या निधीतून घाऊक भावात एलईडी बल्ब आणावेत आणि सभासदांना वाटावेत. सूचनेमागची तळमळ आम्हाला मान्य आहे. पण आज आम्ही उभे आहोत ते या सूचनेला विनम्र विरोध करण्यासाठी, आणि तिच्याऐवजी दुसरे काय करता येईल ते सांगण्यासाठी.

दिव्याचे दोन कारभार असतात. देवासकर मंडळींना थोरली पाती आणि धाकटी पाती सांगायला नकोत. एकाच गावात दोन दरबार नांदले. हेडलाइटच्या साध्या हॅलोजन बल्बमध्येही अशाच दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. अप्पर लांबचे दाखवतो. डिपर जवळचे दाखवतो आणि समोरच्याच्या डोळ्यांना सांभाळून घेतो. बल्बमध्ये तार नेमकी कुठे आहे त्याच्या हिशेबाने मागची चकचकीत वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, घडवलेली असते. उजेड कुठे पडेल हे ती वाटी ठरवते. त्या वाटीत बाजारातला एलईडी बल्ब खोचला आणि त्याचा उजेड मूळ तारेच्या जागेवरून निघाला नाही, तर वाटीचा सगळा हिशेब चुकतो. चालवणाऱ्याला पुढच्या चाकासमोर लख्ख दिसते, त्याला वाटते दिवा फार चांगला झाला. प्रत्यक्षात जवळचे फार उजळल्यामुळे लांबचे अधिकच काळे दिसते, आणि उरलेला उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. कंपनीने मुळातच एलईडीसाठी घडवलेला दिवा ही वेगळी गोष्ट. नव्या गाड्यांवर तो असतो आणि चांगला असतो. आमची हरकत जुन्या वाटीत नवा बल्ब कोंबण्याला आहे. गाडीच्या पुढे आडवी पट्टी लावून चार-चार दिवे जोडण्याबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरा प्रकार मोठ्या वॉटचा बल्ब घालण्याचा. आपल्याकडच्या पुष्कळ मोटारसायकलींना ३५ वॉटचा बल्ब असतो. दुकानदार म्हणतो ६० चा घाला. ३५ वॉटला साधारण तीन अँपिअर वीज लागते, ६० ला पाच. वायर तीच राहिली तर तिच्यातली उष्णता जवळजवळ तिप्पट होते. होल्डर वितळतो, प्लास्टिकची वाटी करपते, आणि गाडीच्या मॅग्नेटमध्ये तेवढी वीज पुरवण्याची ताकद नसेल तर बॅटरी बसते. मग जीराबादच्या बाजूला एखाद्या उतारावर दिवा एकदम जातो. थोड्या मंद दिव्याने माणूस सावध तरी राहतो, अचानक गेलेला दिवा सावध व्हायलाही वेळ देत नाही.

मग करायचे काय? आहे तोच दिवा पूर्ण ताकदीने चालू द्यायचा. यातली गंमत अशी की तारेच्या बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड दहा टक्के कमी होत नाही, जवळजवळ तीस टक्के कमी होतो. आपल्या पुष्कळ जुन्या गाड्यांत हेच चाललेले असते. स्विचमध्ये कार्बन, अर्थिंगला गंज, वायर सडलेली. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट आणि बल्बपाशी अकरा. ऑटो इलेक्ट्रिशियनला सांगावे की इंजिन चालू ठेवून बॅटरीपाशी आणि होल्डरपाशी मीटर लावून दाखव. दोन्हींत एका व्होल्टाचा फरक निघाला तर आधी अर्थिंग साफ करून घ्यावी, खराब वायर बदलावी, गाडीचा दिवा बॅटरीवर चालणारा असेल तर फ्यूज आणि रिले घालून बल्बला सरळ वीज द्यावी. काही गाड्यांचा दिवा सरळ मॅग्नेटवर चालतो. अशा गाडीचा दिवा घाटात वेग कमी केला की मंदावतो, म्हणजे नेमका हवा तेव्हाच. तो बॅटरीवर घेता येतो का हे जाणकार मिस्त्रीला विचारावे, पण चार्जिंग पुरेल याची खात्री केल्याशिवाय घेऊ नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, हेही ध्यानात असावे.

त्याहून सोप्या गोष्टी घरीच होतात. काच रोज ओल्या फडक्याने पुसावी. कापसाच्या आणि मक्याच्या दिवसांत या रस्त्यांवर जी धूळ उडते ती एका फेरीत काच झाकून टाकते. काच पिवळी पडली असेल किंवा वाटीची चमक गेली असेल तर बल्ब बदलून उपयोग नाही, पूर्ण दिवाच बदलावा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये, कापडाने धरावा. बोटाच्या तेलाने तो लवकर जातो. हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर समोरचा एक दिवा दहा दिव्यांसारखा फाकतो, आणि काळी काच रात्री लावूच नये. मागचा लाल दिवा लागतो की नाही हे तर आपल्यापैकी किती जण महिनोन् महिने बघत नाहीत! ट्रक आपल्या मागूनही येतो.

आता सर्वांत महत्त्वाची आणि फुकटची गोष्ट, दिव्याचा रोख. सपाट जागेवर भिंतीसमोर पाच मीटरवर गाडी उभी करावी, वर माणूस बसवावा, डिपर लावावा. दिव्याची मधली उंची जमिनीपासून मोजावी आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीला खडूची रेघ मारावी. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या पाच ते दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल आणि कड साडेसात सेंटिमीटर खाली धरली, तर तो उजेड ६० मीटरवर रस्त्याला टेकतो. ही झाली नीट लावलेली गाडी.

आता त्याच गाडीवर मागे दोन माणसे बसवा, सोबत धान्याचे पोते द्या. मागचा भाग पुढच्यापेक्षा अडीच सेंटिमीटर जास्त दबला असे धरू. दोन चाकांमधले अंतर साधारण सव्वा मीटर. तेवढ्यानेच खाली उतरणारा उजेड वर चढू लागतो, आणि शंभर मीटरवर त्याची कड जमिनीपासून १४० सेंटिमीटर उंच असते. समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. म्हणजे डिपर लावूनही आपण त्याला आंधळे करतो, आणि तो चिडून अप्पर लावतो. दोन सज्जन माणसे एकमेकांना काही क्षण आंधळे करून एकमेकांच्या अंगावर चालून जातात. तेव्हा मागे माणूस बसणार असेल तर दिवा थोडा खाली करावा. बहुतेक गाड्यांना त्यासाठी एक स्क्रू असतो. तो कुठला हे मिस्त्रीकडून एकदा दाखवून घ्यावे.

कायद्यालाही हे माहीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १०६ व्या नियमाप्रमाणे पुढच्या दिव्याचा रोख असा खाली हवा की आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना दिपवू नये. १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो दुसऱ्याला आपण दिसावे म्हणून. काही तरुण वेगळा खटका बसवून तो बंद करतात. तसे करू नये.

इथे ज्येष्ठांसाठी एक शब्द. वयाच्या साठीला डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीच्या मानाने साधारण एकतृतीयांश राहतो, आणि मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरचा दिवा तारेसारखा फुटतो. काका, आपला हात अजून स्थिर आहे हे आम्ही जाणतो. पण अंधार पडल्यावर नातवाला पुढे बसवून आपण मागे बसलात तर त्यात मानहानी नाही.

मंडळी, इतके केले तरी मूळ हिशेब उरतोच. उत्तम दिवासुद्धा डिपरमध्ये ठरावीक अंतरच दाखवणार. उरलेले वेगानेच भरून काढावे लागते. आपल्या पूर्वजांच्या काळी रात्री पालखी निघाली की मशालची पुढे चाले आणि पालखी त्याच्या चालीने जाई. भोयांनी मशालीला मागे टाकले असे कधी होत नसे. जर्मनीच्या वाहतूक नियमांत हेच कलम म्हणून घातले आहे. पुढे जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल एवढ्याच वेगाने गाडी चालवावी. आपल्याकडेही गंधवानी ते मनावर डिपरवर जायचे तर चाळीस, असा नियम प्रत्येकाने स्वतःला घालून घ्यावा. पावसात त्याहून कमी, कारण ओला रस्ता आरशासारखा उजेड पुढे फेकतो, परत डोळ्यांकडे येऊ देत नाही. दहा-बारा मिनिटे उशीर होईल, एवढेच.

आता रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाकडे वळू. या भागात रात्री रस्त्याने कोण चालतो? हाटातून परतणारी भिल्ल-भिलाला कुटुंबे. रब्बीच्या ओलिताला रात्री वीज आली म्हणून मोटर सुरू करायला निघालेला शेतकरी. भगोरियाच्या आधी गुजरातची मजुरी संपवून परतणारे, एका गाडीवर तिघे. त्यांच्या अंगावर चमकणारी पट्टी नाही आणि पायांखाली फूटपाथ नाही. आपण धार-देवासच्या पवारांबरोबर माळव्यात आलो त्याला तीनशे वर्षे होत आली. आपण स्वतःला इथले जुने वस्तीकर म्हणवतो. हे लोक आपल्याहून कितीतरी जुने. आपल्या गाडीच्या दिव्याने आपल्याला दिसावे आणि त्यांचे डोळे दिपावेत, ही जुन्या वस्तीकराला शोभणारी गोष्ट नाही. एलईडी वाटपाला आमचा विरोध आहे त्याचे खरे कारण हे आहे.

आणि इथेच राजकारण येते. गंधवानी विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्यामुळे आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात, इथे आपला उमेदवार नाही, आपली मते मूठभर, आपण काय बोलणार? आम्हाला हे पटत नाही. उमेदवार आपल्यातला नसला तरी रस्ता आपला आहे. ज्या प्रश्नात आपले आणि बहुसंख्यांचे हित एकच आहे असा प्रश्न हाती घेतला तर मूठभर माणसांचेही ऐकले जाते. अंधारातल्या रस्त्याइतका समाईक प्रश्न दुसरा कोणता?

मागायचे काय तेही सांगतो. रस्त्याला सरसकट विजेचे खांब मागू नयेत. ते खर्चिक, आणि बिल थकले की बंद. स्वस्त गोष्टी आहेत. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या पर्सी शॉ नावाच्या गृहस्थाने १९३४ साली रस्त्यात बसवायचे चमकते डोळे शोधून काढले, वीज न लागता गाडीच्याच दिव्याने उजळणारे. आज आपल्या राष्ट्रीय महामार्गांवर त्यांचेच भाऊबंद दिसतात. तेच गंधवानी भागातल्या प्रत्येक धोक्याच्या वळणावर हवेत. रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ हवी, म्हणजे समोरच्या दिव्याने डोळे दिपले तरी डाव्या रेघेवर नजर ठेवून गाडी सावरता येते. रपट्यांच्या दोन्ही टोकांना चमकते खांब हवेत. दुरुस्तीची गिट्टी रात्री रस्त्यावर टाकून ठेवली तर तिच्याभोवती चमकत्या पट्ट्या हव्यात. ट्रॅक्टर-ट्रॉली आणि बैलगाड्यांच्या मागे लाल चमकती पट्टी लावण्याची मोहीम कापसाच्या हंगामाआधी हवी.

हे कोणाकडे मागायचे? मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे, आणि ३० नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा समित्या प्रत्येक जिल्ह्यात स्थापन करण्याचा आदेश दिलेला आहे. तिथे आपले लेखी निवेदन गेले पाहिजे आणि त्याची पोच घेतली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्ता ठरलेल्या मानकांप्रमाणे न बांधल्यामुळे किंवा न राखल्यामुळे कोणी मेले किंवा अपंग झाले, तर जबाबदार अधिकाऱ्याला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. निवेदनात या कलमाचा उल्लेख असावा. नुसत्या विनंतीच्या अर्जापेक्षा कलम लिहिलेला अर्ज जास्त वाचला जातो, हा आम्हा कारकुनांचा अनुभव आहे. त्याआधी मात्र गावोगावच्या ग्रामसभेत जाऊन बसावे. हा पाचव्या अनुसूचीचा भाग आहे, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्याचे पेसा नियम आल्यापासून ग्रामसभेच्या शब्दाला वजन वाढले आहे. निवेदन एकट्या मराठी समाजाचे नसावे. ग्रामसभांच्या ठरावांसह, सर्वांच्या सह्या-अंगठ्यांसह जावे, आणि पुढे कोणीतरी दुसऱ्या समाजाचा असला तर आणखी चांगले.

शेवटी आपल्या समाजापुरता ठराव. जर्मनीत दर ऑक्टोबर महिन्यात गॅरेजांतून गाड्यांचे दिवे फुकट तपासून देतात. १९५६ पासून ती रीत चालू आहे. आपल्याकडे त्याच सुमारास खंडेनवमी आणि दसरा येतो. आपण गाडी धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो, आणि तो हार नेमका हेडलाइटवर लोंबत ठेवून संध्याकाळी सीमोल्लंघनाला निघतो! यंदापासून खंडेनवमीच्या सकाळी, पूजेच्या आधी, धार, देवास, मनावर आणि गंधवानी येथे समाजाच्या जागेवर दिवा तपासणी ठेवावी. एक भिंत, एक खडूची रेघ, एक मीटर आणि एक जाणकार मिस्त्री एवढे पुरे. समाजाचा निधी एलईडी बल्बांवर खर्च न करता मिस्त्रीच्या मजुरीवर, ३५ वॉटच्या चांगल्या बल्बांवर आणि लाल चमकत्या पट्ट्यांवर खर्च करावा. तपासणी जातपात न विचारता सर्वांच्या गाड्यांची व्हावी. हाटाच्या दिवशी येणाऱ्या ट्रॉल्यांना पट्ट्या लावायला आपली मुले उभी राहिली, तर निवेदनावर सह्या मिळायला फार फिरावे लागणार नाही.

अध्यक्ष महोदय, असा ठराव आम्ही मांडत आहोत. अनुमोदन कोणी द्यावे ते सभेने ठरवावे. एलईडीची सूचना करणाऱ्या तरुणांपैकीच कोणी दिले तर आम्हाला विशेष आनंद होईल, कारण स्क्रू फिरवायला आणि ट्रॉलीखाली वाकायला त्यांचेच हात लागणार आहेत.

तोवर आज एवढे करावे. निघण्यापूर्वी आपापल्या गाडीची काच पुसावी, मागचा दिवा लागतो का बघावे, समोरून कोणी आले की डिपर करावा, आणि दिवा जेवढे दाखवील तेवढ्याच वेगाने घरी जावे. वहिनी आणि ताई वाट बघत आहेत, पण त्यांची घाई नाही.